गॅसवरचा स्मोकर भर उन्हाळ्यात ११० अंशांवर कसा टिकवायचा

विचारणा थोडक्यात अशी आहे. अमेरिकेतून परत आलेल्या मेहुण्याच्या सामानातून प्रोपेनवर चालणारा उभा स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस सावकाश शिजवायची पत्र्याची पेटी, मिळाला. घर नागपूरच्या मनीषनगरात, स्मोकर गच्चीवर, गॅस आपला इथलाच. थंडीत तो ११० अंश सेल्सियसवर छान चालला. एप्रिल लागल्यापासून मात्र नॉब अगदी बारीक केला तरी काटा १४० च्या खाली यायला तयार नाही. एकाने सांगितलं, वरची चिमणी अर्धी बंद कर. दुसऱ्याने सांगितलं, सिलिंडरवरचा रेग्युलेटर अर्धवट फिरवून ठेव. ते करून पाहिल्यावर दोनदा ज्योत विझली. आणि जाता जाता विचारलंय की ७०-८० अंशांवर रात्रभर ठेवलं तर मटण आणखी मऊ होईल का.

तर भाऊ, पहिली गोष्ट, हे दोन्ही सल्ले सोडून द्या. दुसरी, ७०-८० चं मनातून काढून टाका. तिसरी, स्मोकर बिघडलेला नाही.

गणित साधं आहे. पत्र्याच्या पेटीत एक ठरावीक ज्योत पेटती ठेवली की पेटी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी जास्त तापते. जानेवारीत पहाटे बाहेर १२ अंश असताना तुमची बारीक ज्योत पेटीला ११० पर्यंत नेत होती, म्हणजे ९८ अंशांची वाढ. तीच ज्योत मे महिन्यात ४४ अंशांत लावली की ४४ अधिक ९८, झाले १४२. वरून काळ्या पत्र्यावर नागपूरचं ऊन पडतं ते वेगळंच. म्हणजे उन्हाळ्यात तुम्हाला थंडीपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी आच हवी आहे, आणि नॉबची खालची मर्यादा थंडीच्या मुलखाचा विचार करून ठेवलेली आहे.

त्यात गॅसचा फरक. तिकडे सिलिंडरमध्ये जवळपास निव्वळ प्रोपेन असतो, आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. दाबाची अडचण नाही. तिकडच्या बऱ्याच उपकरणांना लागणारा ११ इंच पाण्याइतका दाब म्हणजे सुमारे २८ मिलिबार, आणि आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार देतो. पण ब्युटेनमध्ये दर घनमीटरला उष्णता जास्त असते आणि जळायला हवाही जास्त लागते. म्हणून त्याच जेटमधून (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यातून) इथे थोडी जास्त धग मिळते आणि ज्योतीची टोकं पिवळी पडतात. पिवळी टोकं म्हणजे काजळी, आणि ती काजळी मटणावर बसते. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी हवेचं शटर असतं ते थोडं जास्त उघडा. ज्योत निळी, आतला सुळका स्पष्ट आणि बर्नरला चिकटून बसलेली दिसली पाहिजे. बर्नरवरून उचलली जाऊन फडफडत असेल तर हवा जास्त झाली. नवा स्मोकर ‘हाय प्रेशर’ रेग्युलेटरवर चालणारा निघाला तर गोष्ट वेगळी, त्याच्या पाटीवरचा दाब वाचल्याशिवाय जोडूच नका. आणि आम्हा केटरिंगवाल्यांच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर मागून आणून तुमच्या या स्मोकरला लावायचा विचारही नको.

आता रेग्युलेटर अर्धवट ठेवण्याबद्दल. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा नॉब चालू किंवा बंद करण्यासाठी आहे, आच कमी-जास्त करण्यासाठी नाही. मधेच अडकवला तर दाब कधी किती राहील याचा भरवसा नसतो. पण खरं नुकसान वेगळ्या जागी होतं. बर्नरमध्ये गॅस जेटमधून जोरात सुटतो आणि त्या जोरावरच शटरमधून हवा ओढून घेतो. दाब पाडला की गॅस कमी होतो हे बरोबर, पण सोबत हवाही नीट ओढली जात नाही, आणि मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून इतकं सावकाश बाहेर येतं की ज्योत उलटी आत सरकते. मग ती नळीत जेटच्या तोंडाशीच जळू लागते. बर्नर बॅक मारला की वर ज्योत दिसत नाही, फर्र असा घोगरा आवाज येतो आणि पाईप जिथे जोडला आहे ती बाजू तापायला लागते. रबरी पाईपची बाजू. असा आवाज ऐकू आला की बाकी काही न बघता सिलिंडर बंद करायचा.

आच कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे लहान जेट. दाब तोच राहतो, हवा तशीच ओढली जाते, फक्त भोक लहान म्हणून गॅस कमी. भोकाच्या व्यासात थोडा फरक केला तरी परिणाम मोठा होतो, कारण क्षेत्रफळ वर्गाने घटतं. १ मिलिमीटरच्या जागी ०.८ मिलिमीटरचा जेट बसवला की गॅस ३६ टक्क्यांनी कमी. तुम्हाला जवळपास एवढाच फरक हवा आहे. गॅसशेगड्या दुरुस्त करणाऱ्या जाणत्या मिस्त्रीकडे जुना जेट नमुना म्हणून घेऊन जा. जुन्या जेटमध्ये तार घालून किंवा झाळून भोक बारीक करून देतो म्हणणारा मिस्त्री असेल तर तिथून परत फिरा. जेट बदलल्यावर शटर पुन्हा जुळवावं लागेल. मोठी आचही त्याच प्रमाणात कमी होईल, म्हणून जुना जेट डबीत घालून ठेवा, दिवाळीनंतर परत लावायला.

त्याच मिस्त्रीला आणखी एक काम सांगा: थर्मोकपलवाला सेफ्टी व्हॉल्व्ह. आजकालच्या बऱ्याच काचेच्या हॉबमध्ये असतो तसा. ज्योत विझली की थर्मोकपल थंड होतं आणि गॅस आपोआप तुटतो. तो लगेच बंद होत नाही, काही सेकंद, कधी मिनिटभरही घेतो, पण तासभर गॅस सुटत राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं. बारीक आचेवर तासन्‌तास चालणाऱ्या उपकरणाला हा व्हॉल्व्ह नसणं मला पटत नाही, मग ते कुठल्याही देशातून आलेलं असो.

लोक रेग्युलेटरच्या पुढे पितळी नीडल व्हॉल्व्हही (गॅस अगदी बारीक कमी-जास्त करायची तोटी) लावतात. गॅससाठीचाच असेल तर हरकत नाही, पण तो लहान जेटनंतरची बारीक जुळवणी म्हणून. आणि त्याची खालची हद्द स्वतः ठरवून घ्या. रिकामा स्मोकर वीस मिनिटं तापवा, व्हॉल्व्ह हळूहळू कमी करत न्या आणि प्रत्येक टप्प्यावर दार झटकन उघडून बंद करा. माझ्या पाहण्यात गच्चीवरच्या वाऱ्यापेक्षा दार आपटल्यानेच ज्योती जास्त विझतात. ज्या टप्प्यावर ज्योत नुसती डगमगते पण पुन्हा उभी राहते, त्याच्या थोडं वर नेलपॉलिशने खूण करा. त्या खुणेच्या खाली व्हॉल्व्ह कधी न्यायचा नाही.

चिमणीचं उत्तर छोटं आहे. ती पूर्ण उघडी. गॅसला जळायला हवा लागते, जळलेला वायू बाहेर जायला वाट लागते. चिमणी दाबली की आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत पिवळी होऊन कोंडते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि धूर साचून मटणावर कडू डांबरासारखा थर बसतो. उलट उघड्या चिमणीतून उष्णता जाते, म्हणजे तुमचंच काम होतं.

जेट येईपर्यंत काय? पाण्याचा ट्रे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, विजेच्या हिशेबात ०.६३ युनिट. तासाला लिटरभर पाणी उडालं तर साधारण सव्वासहाशे वॉटची आच त्यात खपते. म्हणून ट्रे रुंद हवा, खोल नाही. पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा तितकी वाफ जास्त. पाणी संपत आलं की काटा भर्रकन वर जातो, तेव्हा ट्रे निम्मा झाल्यावरच भरायचा, आणि गरम पाण्याने. ओतताना धार बर्नरवर गेली तर ज्योत विझेल, म्हणून लांब नळीची झारी वापरा. काही जण ट्रेमध्ये वाळू किंवा विटा ठेवायला सांगतात. त्याने तापमानाचे चढउतार मंदावतात, तापमान उतरत नाही. आणि वेळ बदला. पहाटे चार-साडेचारला पेटवलं तर मे महिन्यातही १०-१२ अंशांचा फायदा फुकटात मिळतो. ऊन लागू नये म्हणून स्मोकरवर ती हिरवी शेडनेट मात्र टाकू नका. नागपुरात निम्म्या गच्च्यांवर ती बांधलेली असते आणि ठिणगी लागली की पेटायला वेळ लागत नाही. स्मोकर तिच्यापासून चांगला लांब हवा.

हे सगळं करण्याआधी, तो १४० चा आकडा खरा आहे का ते बघा. दारावरचे गोल काटे वीस-पंचवीस अंशांनी सहज चुकतात, शिवाय ते दाराजवळचं तापमान सांगतात, जाळीवरचं नाही. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको: मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. दोन सुया असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, एक सुई जाळीवर, एक मटणात. खळखळ उकळत्या पाण्यात धरून तपासा. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहोत, तेव्हा तो ९९ च्या आसपास दाखवेल. १०० नाही दाखवले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. अलार्मची सोय असेल तर खालचा अलार्मही लावा, जाळीसाठी ९५ वर. तापमान अचानक पडायला लागलं तर बहुतेक वेळा ज्योत गेलेली असते आणि हे तुम्हाला नाकाच्या आधी कळतं.

नाकाचा विषय मुद्दाम काढला. एलपीजीत वास यावा म्हणून मर्कॅप्टन घातलेलं असतं, पण धुरात उभं राहून तो वास पकडता येत नाही. म्हणून दर वेळी पेटवण्याआधी जोडांवर साबणाचा फेस लावून बघायचा. पाईप आयएसआय मार्कचा, तार गुंफलेला नारिंगी सुरक्षा पाईप, तोही ५ वर्षांत बदलायचा आणि स्मोकरच्या पोटाखालून न्यायचा नाही. सिलिंडर उभा, सावलीत, स्मोकरपासून दीड-दोन मीटर लांब. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना बर्नरची नळी सोडवून आत डोकवा. कुंभारमाशी त्यात मातीचं घर बांधते आणि मग हवा ओढलीच जात नाही.

आता ज्योत विझली तर. तुमच्या दोन्ही वेळा काही झालं नाही, हे नशीब. हिंगणा रोडवरच्या एका फार्महाऊसवर मी आमच्या ऑर्डरसाठी गेलो होतो, तिथे यजमानांच्या पाहुण्याने विझलेला स्मोकर दार किलकिलं ठेवून लायटरने पुन्हा पेटवला. धप्प आवाज झाला, दार उघडून आपटलं, पाण्याचा ट्रे बाहेर फेकला गेला आणि त्याच्या भुवया आणि हाताचे केस जळाले. तेवढ्यावर निभावलं.

क्रम असा ठेवा. आधी सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद, मग बर्नरचा नॉब बंद, मग दार पूर्ण उघडं. हे करताना समोर उभं राहू नका, बाजूला राहा, कारण लाकडाचे ठोकळे आत धुमसत असतात आणि गोळा झालेल्या गॅसला तेवढी ठिणगी पुरते. मटणाचं काय होईल याचा विचार नको, पाच-दहा मिनिटांत त्याला काही होत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन दुप्पट. तो वर निघून जात नाही, पेटीच्या तळाशी आणि मग गच्चीच्या कठड्यालगत पसरतो. म्हणून किमान पाच मिनिटं, वारा पडलेला असेल तर दहा. नंतर दार उघडंच ठेवून, लांब लायटरची ज्योत बर्नरजवळ धरून मग गॅस सोडायचा. आधी आग, मग गॅस. उलट कधीच नाही. ज्योत बसल्यावर मिनिटभर बघून मगच दार लावा. गळती थांबतच नसेल तर विजेच्या बटणांना हात न लावता सगळ्यांना खाली न्या आणि १९०६ ला फोन करा.

जागेबद्दल एक गोष्ट फक्त आपल्याकडची. उन्हाळ्यात खिडक्यांना कूलर लागलेले असतात. मोठा डेझर्ट कूलर बाहेरची हवा प्रचंड प्रमाणात खोलीत ओढतो. गच्चीवरच्या खोलीच्या कूलरमागे स्मोकर लावला तर धूर तर आत जाईलच, त्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही जाईल आणि त्याला वास नसतो. लाकूड धुमसत असताना तो तयार होतोच, ज्योत कितीही निळी असली तरी. तेव्हा सगळे कूलर बघून, शेजाऱ्यांचे धरून, स्मोकर अशा जागी न्या की वारा कूलरकडून स्मोकरकडे येईल, उलट नाही. आणि पाऊस आला म्हणून खालच्या पार्किंगमध्ये आणू नका. तिथे गॅस साचतो आणि नाल्यांच्या जाळीतून खाली उतरतो. वाऱ्यासाठी एका बाजूला पत्रा उभा करा, दोन-तीन फूट अंतरावर. चारही बाजूंनी कोंडू नका.

आता ७०-८० अंशांचं. स्मोकरमध्ये ‘लो’ म्हणजे १०७ ते १२१. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस १०७ ते १४९ अंशांच्या दरम्यान ठेवण्याची आहे. म्हणजे तुमचा १४० वाला स्मोकरसुद्धा खाण्याच्या दृष्टीने सुरक्षितच होता, तक्रार फक्त पोताची. ७०-८० ला मात्र मटणाचा गाभा ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळतो, कारण पृष्ठभागावरून पाणी उडत असल्यामुळे मटण पेटीपेक्षा बरंच थंड राहतं. या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि काहींनी तयार केलेलं विष नंतर शिजवूनही जात नाही. मी पाळतो तो नियम: स्मोकरमध्ये गेल्यापासून चार तासांच्या आत गाभा ६० च्या वर गेलाच पाहिजे. नाही गेला तर प्रयोग थांबवून मटण टाकून द्यायचं, कुकरमध्ये घालून वाचवायचं नाही.

याची सुरुवात बाजारातून होते. ३२ अंशांच्या वर कच्चं मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको, आणि आपल्याकडे मार्च ते जून दुपारी ३२ म्हणजे गारवा. सोबत बर्फाचा डबा न्या. मुरवणं फ्रीजमध्येच. गोठलेलं मांस पूर्ण सुटल्याशिवाय आत ठेवायचं नाही. मसाल्याचं पाणी सुईने आत टोचलं असेल किंवा हाड काढून गुंडाळी बांधली असेल, तर वरचे जंतू आत गेले असं समजून जास्त काटेकोर राहा.

चिकनला गाभा ७४, आणि पेटी १२५-१३५ ठेवा. खालच्या तापमानात चिकनची कातडी रबरासारखी होते, त्यामुळे तुमचा उन्हाळी स्मोकर चिकनसाठी तसाच उत्तम आहे. बोकडाची दस्ती (पुढचा पाय आणि खांदा) ११० ते ११५ वर लावा. ६५-७० च्या आसपास काटा तासभर, कधी दोन तास हलत नाही. घाबरून आच वाढवू नका, पाणी उडून मटण स्वतःला थंड ठेवत असतं. बोकडाला चरबी कमी, म्हणून याच टप्प्यावर मी ती फॉइलमध्ये गुंडाळतो, आत थोडा रस्सा घालून. ९३-९५ ला सुई लोण्यात शिरावी तशी गेली की काढायची. सावजी मसाला लावणार असाल तर नेहमीच्या निम्मा. लवंग-मिऱ्याचा तिखटपणा धुराबरोबर कडवट होतो. यावर आमच्याच कारागिरांशी माझं पटत नाही, पण मी माझ्या मतावर आहे.

लाकूड संत्र्याचं वापरा. काटोल-कळमेश्वरकडे बागांच्या छाटणीत भरपूर निघतं, त्याचा धूर सौम्य आणि गोडसर असतो. फक्त वरच्या फांद्या मागा. डिंक्या या झाडाच्या रोगासाठी बागायतदार खोडाला खालून बोर्डो पेस्ट लावतात, त्यात मोरचूद असतो, ते लाकूड स्मोकरमध्ये नको. पेरू, आंबा, बाभूळ चालतात. कडुनिंब, निलगिरी आणि आरागिरणीवरचा भुसा नको. त्या भुशात प्लायवूड कधी मिसळलंय कळत नाही. तुकडे सहा महिने वाळलेले, लिंबाएवढे ठोकळे करून जाड बिडाच्या झाकणवाल्या भांड्यात ठेवा. बारीक चिप्स उघड्या ट्रेमध्ये भडकतात आणि जेट बदलून कमावलेले ३० अंश एका मिनिटात जातात. पाण्यात भिजवल्याने फक्त पेटायला उशीर होतो.

चरबीचा ट्रे दर वेळी घासा. चरबी पेटलीच तर गॅस बंद, दार बंद, पाणी अजिबात नाही. आणि रात्रभर लावून झोपायचं असेल तर हे उपकरण त्यासाठी नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला तरी. पहाटे लावा, दस्ती दुपारच्या जेवणापर्यंत होते. हे सगळं घरच्यापुरतं. ऑर्डरी घ्यायला लागलात तर १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक लावावा लागतो.